जुनं पोस्ट ऑफिस विकत घेताना: जाहिरातीपासून पहिल्या वर्षापर्यंत

ऐतिहासिक गावातलं जुनं पोस्ट ऑफिस विकायला निघतं, तेव्हा जाहिरातीतला फोटो हमखास समोरून काढलेला असतो. पायऱ्या, खांब, कमानी, घड्याळ, दगडात कोरलेलं बांधकामाचं वर्ष. बघून मन हरखतं, आणि हरखायलाच हवं. अशी इमारत आज कुणी नव्याने बांधणार नाही. पण खरेदी फायद्याची ठरेल की गळ्यात पडेल, हे ज्या भागावर ठरतं तो या फोटोत नसतो. तो दाराच्या आत असतो: लोक जिथे रांगेत उभे राहायचे तो दर्शनी हॉल.

हा सगळा लेख एका म्हणण्याभोवती आहे. हॉल अखंड ठेवून चालेल असा उपयोग आधी शोधा, किमतीचं नंतर बोला. हॉलमध्ये भिंती घालून खोल्या पाडायच्या आणि अर्ध्या उंचीवर माळा टाकायचा असा बेत असेल, तर तो बहुधा परवानगीच्या टेबलावरच अडकतो. आणि चुकून मंजूर झालाच, तरी ज्या गोष्टीसाठी लोक या इमारतीत पाऊल टाकतील तीच गोष्ट तुम्ही स्वतःच्या पैशाने मोडून टाकलेली असते.

आधी इमारत वाचायला शिका

टपाल कचेऱ्या देशोदेशी वेगळ्या दिसल्या तरी त्यांची आतली मांडणी बरीच सारखी असते, कारण आत चालणारं काम सारखं होतं. पुढे लोकांसाठी हॉल: उंच छत, मोठ्या खिडक्या, हजारो पावलांनी झिजणार नाही अशी फरशी. मग काउंटर, त्यावर जाळी किंवा काच. एका बाजूला भाड्याने दिल्या जाणाऱ्या पत्रपेट्यांची भिंत. काउंटरच्या मागे टपाल निवडण्याची मोठी खोली. हाताने लिहिलेले पत्ते दिवसभर वाचायचे म्हणून तिथे उजेड भरपूर, कधी उंच खिडक्यांतून तर कधी थेट छतातून. जवळच जाड भिंतींची, लोखंडी दाराची तिजोरीची खोली, तिकिटं आणि रोकड ठेवण्यासाठी. सर्वांत मागे थैल्या चढवायचा-उतरवायचा ओटा आणि गाडी वळेल एवढं अंगण. कित्येक ठिकाणी वरच्या मजल्यावर पोस्टमास्तरांचं बिऱ्हाड असे. तारयंत्र आलं तेव्हा एखादी खोली त्याला मिळाली, पुढे टेलिफोन एक्स्चेंजही त्याच छताखाली आलं.

अमेरिकेतल्या अनेक जुन्या पोस्टांत आणखी एक विलक्षण भाग सापडतो. निवडण्याच्या खोलीत छताजवळून जाणारी अरुंद, बंदिस्त मार्गिका, तिला बारीक फटी. टपाल निरीक्षक तिच्यात लपून खाली काम करणाऱ्यांवर नजर ठेवत, कुणी पाकिटं फोडून पैसे काढत नाही ना हे बघायला. नवा मालक पुष्कळदा तिला हवा खेळवायचा जुना डक्ट समजतो आणि पहिल्याच आठवड्यात पाडून टाकतो. म्हणून म्हणतो, काय काय आहे हे कळेपर्यंत काहीही काढू नका.

ही माहिती व्यवहारात लगेच उपयोगी पडते. थैल्यांचा आणि माणसांचा भार सोसायचा म्हणून निवडण्याच्या खोलीची जमीन बहुतेक वेळा भक्कम असते. पुस्तकांची कपाटं किंवा यंत्रं तिथे ठेवता येतात. वरचं बिऱ्हाड मात्र घरासारखं बांधलेलं, त्याची लाकडी जमीन सभागृहाचा भार घेईल असं गृहीत धरू नका. तिजोरीच्या भिंती तोडायचा मोह होतो, पण वरच्या मजल्याचा भार अनेकदा त्यांच्यावरच असतो. ती खोली कागदपत्रांसाठी वा संग्रहासाठी तशीच वापरणं शहाणपणाचं. तिथे मोबाइलला रेंज मिळणार नाही, एवढं मात्र धरून चाला.

मूळ नकाशे मिळवायचा प्रयत्न पहिल्या आठवड्यातच करा. सरकारी इमारत असल्याने ते कुठेतरी जपलेले असण्याची शक्यता खासगी वाड्या-बंगल्यांपेक्षा खूप जास्त. अमेरिकेत १८५२ ते १९३९ या काळात संघीय इमारतींची आखणी अर्थखात्याच्या वास्तुविशारद कार्यालयातून होत असे आणि तिथले नकाशे आता राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. ब्रिटनमध्ये टपालखात्याचा जुना दप्तरसंग्रह लंडनच्या पोस्टल म्युझियमकडे आहे. यातून एक फार उपयोगी गोष्ट निघते: एकाच कार्यालयातून आखणी होत असल्याने तोच नकाशा थोडाफार बदलून अनेक गावांत वापरला जाई. तुमच्या इमारतीची अशी सख्खी भावंडं शोधा आणि जाऊन बघा. तुमच्या इथे खोट्या छताआड काय दडलंय, मूळ काउंटर कसं होतं, कुठल्या कोपऱ्यात पाणी मुरतं, याची उत्तरं तिथे उघडी पडलेली असतात. आणि त्यांच्या मालकाने त्या जागेचा काय उपयोग केला, तो चालला की बसला, हेही कळतं.

कागद: तुम्ही नेमकं काय विकत घेताय?

ज्याचा जीव इमारतीत अडकतो त्याला कागदांचा कंटाळा येतो. तरी हा भाग घाईने उरकू नका, कारण टपाल कचेरीच्या मालकीत अशा गुंतागुंती असतात ज्या साध्या घराच्या व्यवहारात कधी येत नाहीत.

पहिला प्रश्न: जमीन टपालखात्याकडे आली कशी? गावात पोस्ट यावं म्हणून काही ठिकाणी कुणा दात्याने किंवा नगरपालिकेने जमीन दिलेली असते आणि त्या दानपत्रात अट असते की सार्वजनिक उपयोग संपला तर जमीन परत जाईल. ती अट आजही जिवंत आहे का, हे वकिलाने मुळापर्यंत जाऊन तपासायला हवं. केवळ शेवटचं खरेदीखत बघून भागणार नाही.

दुसरा प्रश्न वारशाच्या संरक्षणाचा. ते कुठल्या पातळीवरचं आहे यावर तुमचं सगळं स्वातंत्र्य अवलंबून असतं आणि इथे देशागणिक फरक मोठा आहे. इंग्लंडमध्ये इमारत सरकारच्या वारसा सूचीत असेल तर संरक्षण आतबाहेर सगळ्याला असतं, इमारतीला पक्क्या जडवलेल्या वस्तूंनाही, आणि तिच्या आवारातल्या १ जुलै १९४८ पूर्वीच्या बांधकामांनाही. म्हणजे मागच्या अंगणातला जुना गाडीखानाही त्यात येऊ शकतो. तिथे विनापरवाना फेरफार हा फौजदारी गुन्हा आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, आधीच्या मालकाने केलेला बेकायदा बदल पूर्ववत करण्याची नोटीस नव्या मालकावर बजावता येते आणि त्याला मुदतीची मर्यादा नाही. तीस वर्षांपूर्वी कुणी काउंटर उखडलं असेल, तरी विचारणा तुम्हाला होऊ शकते. म्हणून जुने मंजूर नकाशे आणि आजची इमारत शेजारी ठेवून ताडून पाहा. जिथे फरक दिसेल तिथे परवानगीचा कागद मागा. कागद नसेल तर ते ओझं विक्रेत्याने उतरवावं किंवा किमतीत धरावं.

अमेरिकेत गंमत उलटी आहे. ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नाव असल्याने खासगी मालकाच्या हातापायात बेड्या पडत नाहीत. बंधनं येतात ती स्थानिक नियमांतून आणि विक्रीच्या वेळी खरेदीखताला जोडलेल्या संरक्षण-करारातून. १९६६च्या राष्ट्रीय वारसा कायद्याखालच्या प्रक्रियेतून टपाल इमारत विकताना असा करार जोडला जातो, आणि तो माणसाला नव्हे तर जमिनीला चिकटतो. पुढच्या प्रत्येक मालकाला लागू. त्याची भाषा ओळन्‌ओळ वाचा. ‘दर्शनी भाग’ असं मोघम लिहिलंय की हॉल, काउंटर, दिवे, पत्रपेट्या अशी नावं घेतली आहेत? कॅनडात केंद्र सरकारची वारसा-नोंद इमारत सरकारी मालकीची असेपर्यंतच लागू असते. विक्रीनंतर प्रांत किंवा नगरपालिकेने वेगळं संरक्षण दिलं नसेल तर इमारत उघडी पडते. अशा ठिकाणी खरेदीदाराला मोकळीक जास्त, पण शेजारची जागा उद्या कुणी पाडून काहीही उभारू शकतो, हेही त्याच मोकळिकीत आलं.

तिसरा प्रश्न बहुतेकांना सुचतच नाही: आतल्या कोणत्या वस्तू विक्रीत नाहीत? अमेरिकेत १९३४ ते १९४३ या काळात सरकारी कलाविभागामार्फत शेकडो पोस्टांत भित्तिचित्रं आणि शिल्पं करवून घेतली गेली. इमारत विकली तरी ही चित्रं सहसा विकली जात नाहीत. मालकी सार्वजनिकच राहते आणि नव्या मालकाकडे ती सांभाळायला दिली जातात. म्हणजे तुमच्या भिंतीवर दुसऱ्याचं चित्र, आणि त्याच्या आर्द्रतेची, उजेडाची, लोकांना ते बघू देण्याची काळजी तुमच्यावर. मला यात भार वाटत नाही, भाग्य वाटतं; पण ते करारात स्पष्ट असलं पाहिजे. तसंच भिंतीत बसवलेल्या टपालपेटीचं. ती अजून वापरात असेल तर ती टपालखात्याची आणि दिवसातून अमुक वेळा कुणीतरी येऊन ती उघडणार. घड्याळ कुणाच्या मालकीचं, त्याला चावी कोण देतं, बिघडलं तर खर्च कुणाचा? छतावर अँटेना किंवा तळघरात टेलिफोनच्या केबलींचा फलक असेल तर त्या कंपनीला येण्याजाण्याचा हक्क किती वर्षांचा? मागच्या ओट्यापर्यंत गाडी नेणारी वाट तुमच्या सातबारात मोडते की शेजाऱ्याच्या जमिनीतून जाते, म्हणजे जिथे जे भूमी-अभिलेख असतील त्यांत ती कुणाच्या नावावर आहे?

कधी कधी टपालखातं इमारत विकून एका खोलीत भाडेकरू म्हणून राहतं. मिळाली तर ही संधी सोडू नका. भाडं ठरावीक येतं आणि गावाच्या लोकांची त्या दाराशी असलेली ये-जा तुटत नाही. फक्त ती खोली कोणती, हे तपासा. काउंटरचा हॉलच त्यांच्याकडे राहणार असेल तर तुम्ही मागचं गोदाम विकत घेताय.

पाहणी: मुसळधार पावसात जा

उन्हात सगळ्या इमारती धडधाकट दिसतात. जोराचा पाऊस चालू असताना एकदा तरी जाऊन उभे राहा, बाहेरून आणि मग आतून. जुन्या इमारतीचे बहुतेक आजार पाण्याने होतात आणि पाणी कुठून शिरतं हे पावसातच दिसतं.

छतापासून सुरुवात करा. टपाल कचेऱ्यांना रुबाब यावा म्हणून समोर कठडा उंच नेलेला असतो आणि त्याच्या मागे, रस्त्यावरून न दिसणारी पन्हळ लपलेली असते. ही लपलेली पन्हळ सगळ्यात आधी तुंबते आणि तिच्याखालच्या तुळयांची टोकं भिंतीत कुजतात. काही ठिकाणी पाण्याचे नळ भिंतीच्या आतून उतरवलेले असतात. तिथला एखादा लोखंडी नळ फुटला तर भिंत वर्षानुवर्षं आतून ओली राहते आणि बाहेर फक्त एक डाग दिसतो. स्लेटचं, म्हणजे पातळ दगडी पाट्यांचं, छत असेल तर स्लेट शंभर वर्षांनंतरही चांगली असू शकते, पण तिला धरून ठेवणारे लोखंडी खिळे गंजून संपलेले असतात. मग एकेक स्लेट घसरायला लागते. अशा वेळी सगळं छत उतरवून त्याच स्लेट नव्या तांब्याच्या खिळ्यांनी बसवाव्या लागतात, आणि हा खर्च रंगकामासारखा पुढे ढकलता येत नाही.

मग भिंती. जुन्या दगडी किंवा विटांच्या भिंती चुन्यात बांधलेल्या. त्या ओल शोषतात आणि चुन्याच्या सांध्यांतून ती बाहेरही सोडतात. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४चं. पुढे ते स्वस्त झालं तसं दुरुस्तीला सर्रास वापरलं जाऊ लागलं आणि तिथेच नासाडी सुरू झाली. सिमेंटने सांधे भरले की ओल सांध्यातून निघू शकत नाही, ती दगडातून निघते. सोबत क्षार येतात, आणि दगडाचा पापुद्रा सुटायला लागतो. सांधे पुढे आलेले आणि दगड मागे झिजलेला अशी भिंत दिसली तर समजा की कुणीतरी सिमेंट वापरलंय. हे सिमेंट काढताना यंत्राची करवत चालवू देऊ नका, दगडाच्या कडा जातात. छिन्नीने हळूहळू काढणारा गवंडी शोधा. नव्या चुन्याचं काम कडाक्याच्या थंडीत, पारा ५ अंशांच्या खाली जात असताना करू नये. त्याला ओलसर ठेवून सावकाश घट्ट व्हायला वेळ द्यावा लागतो.

तळाशी ओल दिसली की विक्रेत्याचा माणूस म्हणतो, भिंतीत रसायन भरा. त्याआधी बाहेर जाऊन रस्त्याची पातळी बघा. शंभर वर्षांत रस्ता थरावर थर चढून उंच होतो, कधी आतल्या जमिनीहूनही वर येतो. मग कुठलंही रसायन भरा, ओल येतच राहणार. रस्त्याकडची माती खाली घेणं, पाण्याला उतार देणं, तुंबलेली गटारं मोकळी करणं, हे उपाय स्वस्त आणि बहुतेकदा पुरेसे असतात. ओल मोजणाऱ्या विजेच्या सुईच्या यंत्रावर भिंतीच्या बाबतीत विसंबू नका. भिंतीत क्षार असले की ते कोरड्या भिंतीलाही ओली ठरवतं. लाकडाला मात्र ते बऱ्यापैकी बरोबर मोजतं. लाकडात २० टक्क्यांहून जास्त ओल सतत राहत असेल तर कुजण्याचा धोका खरा आहे. किड्यांची भोकं दिसली म्हणून घाबरून जाऊ नका. जुनी भोकं काळपट असतात. भोकाखाली ताजा पिवळसर भुसा पडत असेल तरच कीड जिवंत.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इमारतींत एक छुपा धोका असतो. बाहेरून दगडी दिसणाऱ्या भिंतीच्या आत पोलादी सांगाडा, त्याला दगड घट्ट चिकटवलेला. पाणी पोलादापर्यंत पोचलं की गंज चढतो, गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि दगड आतून फुटतो. खांबाच्या रेषेत सरळ उभी भेग दिसली तर साध्या बांधकाम तपासनिसावर न थांबता, वारसा इमारतींचा अनुभव असलेल्या अभियंत्याला बोलवा. हा तज्ज्ञ तुम्ही नेमलेला हवा. विक्रेत्याने पुढे केलेला अहवाल वाचा, पण त्यावर निर्णय घेऊ नका.

विषांचंही बघावं लागतं. जुन्या रंगात शिसं असतं. कोरड्या पॉलिश कागदाने तो घासणं म्हणजे शिशाची धूळ फुफ्फुसात घेणं. बॉयलर आणि वाफेच्या नळांवरचं आवरण, फरशीखालचा डिंक, छताचे पत्रे यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रिटनने त्यावर १९९९मध्ये पूर्ण बंदी घातली, म्हणजे त्याआधीच्या कुठल्याही दुरुस्तीत ते सापडू शकतं. तारेच्या खोलीत बॅटऱ्या असत, म्हणून तिथल्या जमिनीत आम्ल आणि शिसं मुरलेलं असण्याची शक्यता धरा. आणि मागच्या अंगणात टपालाच्या मोटारींसाठी जमिनीखाली इंधनाची टाकी होती का, हे नक्की शोधा. तिची गळती आणि दूषित माती काढण्याचा खर्च काही वेळा छताच्या दुरुस्तीलाही मागे टाकतो.

उपयोग: हॉल काय मागतो?

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. इमारत समजली, बंधनं समजली. आता विचारा की या हॉलमध्ये कोणतं काम न ओढाताण करता बसेल. ज्या कामाला लोकांनी आत यावं असं वाटतं, ते इथे शोभतं: वाचनालय, कलादालन, कॅफे, पुस्तकांचं दुकान, छोटं संग्रहालय, संगीताची बैठक, सहकारी बँक, एखाद्या वास्तुविशारदाचं कार्यालय ज्याला दर्शनी हॉल मोकळाच हवा असतो. राहायचं घर करायचं तर वरचं बिऱ्हाड आणि मागची खोली राहण्याला घ्या, हॉल बैठकीला किंवा कामाला. मूळ काउंटर तर तयार फर्निचरच आहे. त्याच्या एका बाजूला देणारा, दुसऱ्या बाजूला घेणारा, हे नातं दुकानात, कॅफेत, वाचनालयात तसंच चालतं.

मोठ्या शहरांतली उदाहरणं बघितली तरी हेच दिसतं. सिंगापूरच्या फुलर्टन इमारतीत १९२८पासून मुख्य टपाल कचेरी होती, २००१मध्ये तिथे हॉटेल सुरू झालं. माद्रिदचा १९१९चा टपाल-तार प्रासाद २००७पासून महापालिकेचं मुख्यालय झाला. ब्वेनोस आयरेसच्या मध्यवर्ती टपाल कचेरीत सांस्कृतिक केंद्र उभं राहिलं. उपयोग वेगवेगळे, पण तिन्ही ठिकाणी लोक आत येत राहिले. उलट शिकागोचं अवाढव्य जुनं पोस्ट ऑफिस १९९६मध्ये रिकामं झालं आणि नवा मालक २०१६मध्ये हाती घेईपर्यंत जवळजवळ वीस वर्षं पडून राहिलं. तिथे आकार हाच अडथळा होता. छोट्या गावातल्या पोस्टाचा आकार माणसाच्या आवाक्यातला असतो, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे.

काही अडचणी उपयोग कोणताही असो, येणारच. पायऱ्या ही त्यांतली पहिली. इमारत भव्य वाटावी म्हणून ती जोत्यावर उचललेली असते आणि चाकाची खुर्ची वापरणाऱ्याला दारातच अडवते. समोर मधोमध उतार बांधला तर दर्शनी भाग बिघडतो, आणि लोकांना मागच्या कचऱ्याच्या दारातून आत घेणं हा अपमान आहे. बाजूच्या दाराला मुख्य दाराइतकंच देखणं करून, उतार दगडातच बांधून, तेच सगळ्यांचं रोजचं दार करणं हा मला सर्वांत चांगला मार्ग वाटतो. मागचा माल चढवायचा ओटा आतल्या जमिनीच्या पातळीत असेल तर तिथून उतार काढणं सोपं जातं.

दुसरी अडचण थंडी आणि आवाज. उंच हॉलमधली हवा तापवत बसणं परवडत नाही. जमीन उकरायची परवानगी असेल तर तिच्याखालून ऊब द्या, नसेल तर माणसं बसतात तिथेच उष्णता पोचवणारी साधनं लावा. मूळ लाकडी खिडक्या फेकू नका. सावकाश वाढलेल्या झाडाचं ते लाकूड आजच्या लाकडापेक्षा टिकाऊ असतं. आतून दुसरी काच बसवली तर ऊबही टिकते आणि रस्त्याचा आवाजही कमी होतो. फरशी आणि दगडामुळे आवाज घुमतो, त्यावर छताला काही न चिकटवता पडदे, गाद्या, पुस्तकांची कपाटं यांनी बरंच भागतं. आगीच्या नियमांचा विचार मात्र अगदी सुरुवातीला करा. वरच्या मजल्यावर लोक येणार असतील तर दुसरा जिना लागेल, आणि त्याची जागा मागच्या खोलीतूनच काढावी लागेल.

परवानगी

वारसा अधिकाऱ्याला भेटायला पूर्ण नकाशे तयार होईपर्यंत थांबू नका. कच्चा कागद घेऊन जा. त्यांना सर्वांत आधी हवं असतं ते या इमारतीत जपण्यासारखं काय आहे याचं तुमचं आकलन: कोणता भाग अतिमहत्त्वाचा, कोणता साधारण, कोणता नंतर चिकटवलेला आणि काढला तरी चालेल असा. हे लेखी, फोटोंसह, खोलीवार मांडा. वारसा जतनाची तत्त्वं सांगणाऱ्या ऑस्ट्रेलियातल्या १९७९च्या बुरा सनदेतलं तत्त्व इथे उपयोगी पडतं: गरज असेल तेवढा बदल करा, पण शक्य तितका कमी. प्रत्येक नव्या गोष्टीला विचारा, ही पुढच्या पिढीला इजा न करता काढता येईल का? हॉलच्या मधे उभी राहणारी, भिंतींना न टेकणारी काचेची खोली मंजूर होण्याची शक्यता विटांच्या भिंतीपेक्षा कितीतरी जास्त.

वापर बदलण्याची परवानगी आणि वारसा-परवानगी या बहुतेक ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक मिळाली म्हणून दुसरी मिळत नाही.

आकडे आणि बोली

किंमत उलट्या बाजूने काढा. काम पूर्ण झाल्यावर ही जागा किती कमावेल किंवा किती मोलाची ठरेल, हा आकडा आधी. त्यातून दुरुस्तीचा खर्च, तज्ज्ञांची फी, काम चालू असतानाचं व्याज आणि विमा, आणि अनपेक्षित खर्चाची तरतूद वजा करा. नव्या बांधकामात दहा टक्के तरतूद पुरते असं मानतात. जुन्या पोस्टात मी एकूण कामाच्या पाव हिस्स्याच्या खाली उतरणार नाही, कारण फरशी उचलल्याशिवाय खाली काय आहे ते कळत नाही. उरेल ती तुमची कमाल बोली. उणे आकडा आला तर अनुदान किंवा करसवलतीशिवाय हा व्यवहार उभा राहत नाही, हे स्वतःशी मान्य करा. अमेरिकेत उत्पन्न देणाऱ्या वारसा इमारतीच्या मान्यताप्राप्त नूतनीकरणावर खर्चाच्या २० टक्के केंद्रीय करसवलत मिळते आणि ती पाच वर्षांत विभागून घ्यावी लागते. फक्त स्वतःच्या राहण्यासाठी घेतलेल्या इमारतीला ती लागू नाही, आणि मान्यता मिळण्याआधी चुकीचं काम झालं तर सवलत हातची जाते. अशा योजना तुमच्या देशात कोणत्या आहेत ते बोलीच्या आधी शोधा. मिळणारच असं धरून कर्ज काढू नका.

विमा ठरवताना बाजारभावावर जाऊ नका. जळालं तर तसंच दगडात, तसंच चुन्यात पुन्हा बांधायला काय लागेल, तो आकडा हवा. तो खरेदी किमतीच्या कितीतरी वर असू शकतो. रिकाम्या इमारतीचा विमा वेगळा असतो आणि त्यात नियमित फेरी मारण्याची अट असते.

कराराच्या बाबतीत एक आग्रह. शक्य असेल तिथे ‘परवानगी मिळाली तर व्यवहार पुरा’ असा सशर्त करार करा, किंवा थोडी रक्कम देऊन ठरावीक महिन्यांसाठी खरेदीचा हक्क राखून ठेवा. सरकारी विक्रेते अनेकदा ‘जशी आहे तशी, जिथे आहे तिथे’ एवढंच म्हणतात आणि अट मान्य करत नाहीत. मग तपासणी बोलीच्या आधी, स्वतःच्या खर्चाने करायची तयारी ठेवा. तो खर्च वाया गेला तरी नुकसान मर्यादित राहतं.

ताबा मिळाल्यावर

पहिल्या दिवशी कुलपं बदला, पाण्याचे बंद नळ आणि जुनी वीजजोडणी तपासून घ्या, आणि पन्हळी साफ करा. छत गळत असेल तर तात्पुरतं झाका. यापलीकडचं मोठं काम एक सगळं वर्ष पुढे ढकलता आलं तर ढकला. उन्हाळा, पाऊस, थंडी यांत इमारत कशी वागते ते बघा: कोणती भिंत कधी ओली होते, कोणती भेग वाढते, हॉलमध्ये ऊन कुठवर येतं. भेगेच्या दोन्ही बाजूंना खूण करून महिन्यातून एकदा अंतर मोजा आणि तारखेसह लिहून ठेवा. जुनी, स्थिरावलेली भेग आणि चालू भेग यांचा फरक यातूनच कळतो. खिडक्या अधूनमधून उघडत जा, कारण बंद इमारत हवेविना लवकर खराब होते.

काहीही हलवण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढा. पत्रपेट्यांची दारं, जाळ्या, पितळी क्रमांक, लाकडी कप्पे यांना चिठ्ठ्या लावून तिजोरीच्या खोलीत ठेवा. दर्शनी भागावरची अक्षरं आणि राजचिन्ह उतरवावं लागणार का, हे टपालखात्याला लेखी विचारा. दगडात कोरलेलं असेल तर ते राहू देण्याची विनंती करा आणि वारसा कार्यालयाला तुमच्या बाजूने पत्र द्यायला सांगा.

याच वर्षात हॉल एखाद-दोनदा गावासाठी उघडा. इथे काम केलेली माणसं, त्यांची मुलं येतील. कोणता दिवा कुठे टांगलेला होता, काउंटर कधी बदललं, जुना फोटो कुणाच्या अल्बममध्ये आहे, हे ती सांगतील, आणि त्यातली बरीच माहिती कुठल्याच नकाशात नसते. आलेल्यांना विचारा की इथे काय सुरू झालेलं त्यांना आवडेल. उपयोगाचा अंतिम अर्ज त्यानंतर लिहा आणि त्यांनी दिलेले फोटो त्याला जोडा.